राबायला पुढं, ठरवायला मागं: फैजपूर ते विटनेर

1936च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. तोवर काँग्रेसची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ अशा शहरांत होत. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर नाव दिलं होतं. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू, तट्टे आणि गवत या गावच्याच मालातून दरवाजे, मंडप आणि सजावट उभी केली. 25 डिसेंबरला गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची बैलांच्या सजवलेल्या रथातून मिरवणूक निघाली. 27 आणि 28 डिसेंबरला खुलं अधिवेशन झालं. यावल, रावेर, भुसावळ, चोपडा या भागांतून आणि त्याही पलीकडून लाखावर माणूस लोटलं.

शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी, अण्णासाहेब दास्ताने, साने गुरुजी ही या तयारीतली नावं खानदेशात आजही घेतली जातात. फैजपूरच्या महाविद्यालयाला धनाजी नानांचंच नाव आहे. बायकांची नावं मात्र शोधावी लागतात. सासवडच्या आश्रमातल्या प्रेमा कंटक स्वयंसेविकांच्या कामात होत्या, एवढं निघतं. पण ज्या बायकांनी दळणं दळली, पाणी भरलं, शेणानं जमिनी सारवल्या आणि पोरं कडेवर घेऊन उन्हात भाषणं ऐकली, त्यांची यादी कुणी ठेवली नाही. लाखभर माणसांचा संसार दोन-चार दिवस मांडायचा म्हणजे त्यात बाईच्या हाताखालून न जाणारं असं फार थोडं असतं.

ही तक्रार केवळ नावं राहून गेल्याची असती, तर तिच्यावर लेख लिहायची गरज नव्हती. फैजपूरच्या त्या मांडवात याहून मोठी गोष्ट दिसत होती. काम बायकांनी करायचं आणि कारभार पुरुषांनी हाकायचा, ही वाटणी त्या वेळच्या सर्वांत पुढारलेल्या राजकारणातही जशीच्या तशी उतरली होती.

कागदावर समता, समितीत शून्य

काँग्रेसला स्त्री-पुरुष समता अमान्य होती, असं मुळीच नाही. 1931च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला होता. कायद्यापुढं स्त्री-पुरुष समान, सरकारी नोकरीत किंवा कोणत्याही धंद्यात स्त्री म्हणून आडकाठी नको, कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा हवी, हे सगळं त्या ठरावात आहे. फैजपूरच्या आधी अॅनी बेझंट (1917), सरोजिनी नायडू (1925) आणि नेली सेनगुप्ता (1933) अशा तीन स्त्रिया काँग्रेसच्या अध्यक्षही झाल्या होत्या.

आणि तरीही 1936 साली लखनौला अध्यक्ष झाल्यावर नेहरूंनी जी कार्यकारिणी नेमली, तिच्यात एकही स्त्री नव्हती. आदल्या पिढीचे पटेल, राजेंद्रप्रसाद, राजाजी होते. नव्या समाजवादी गटातले नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन होते. महाराष्ट्रातून शंकरराव देव होते. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या त्याच वर्षीच्या मीरतच्या परिषदेचं अध्यक्षपद कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी भूषवलं होतं. समाजवाद्यांना जागा द्यायची ठरली तेव्हा तीन पुरुषांना मिळाली, कमलादेवींना मिळाली नाही. काँग्रेसमधल्या स्त्रियांनी यावर नाराजी बोलून दाखवली आणि प्रश्न थेट वरच्या नेत्यांपर्यंत नेला. ज्यांनी मिठाच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले, त्यांना निर्णयाच्या बैठकीत जागा का नाही, असा तो साधा प्रश्न होता.

अध्यक्षपद वर्षाचं, मानाचं आणि सगळ्यांना दिसणारं. कार्यकारिणी मात्र वर्षभर बसते, उमेदवार ठरवते, पैशाचा हिशेब पाहते आणि कोणत्या प्रांतात कुणाला पुढं करायचं ते ठरवते. बाईला मिरवणुकीत बसवायला फारशी हरकत नसते. बंद दाराआडच्या बैठकीत मात्र ती आठवत नाही. पुढची सगळी वर्षं, राजकारणात, सहकारात आणि कंपन्यांत, हाच फरक पुन्हा पुन्हा दिसत राहिला.

फैजपूरचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत मुख्यतः एका गोष्टीसाठी येतं, ती म्हणजे शेतीविषयक कार्यक्रम. तेरा कलमं होती. खंड आणि शेतसारा कमी करा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट द्या, वेठबिगार बंद करा, कुळांना जमिनीवर कायमचा हक्क द्या, कर्जाचं ओझं उतरवा, गुरचरण मोकळं ठेवा, शेतमजुरांना पोटापुरती मजुरी मिळेल अशी कायद्यानं तरतूद करा, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या. त्याच वेळी फैजपूरलाच किसान सभेचं अधिवेशन प्रा. रंगांच्या अध्यक्षतेखाली झालं आणि त्यासाठी मनमाडहून किसानांचा मोर्चा पायी आला होता. देशातल्या शेतीच्या प्रश्नाला एवढं ठोस रूप काँग्रेसच्या व्यासपीठावर प्रथमच आलं.

या तेरा कलमांत बाई नाही. कुळ पुरुष, खातेदार पुरुष, मजूरही बहुधा पुरुषच डोळ्यांसमोर. खानदेशात कापसाची वेचणी म्हणजे बायकांचं काम. ज्वारीची खुडणी, भुईमुगाची तोडणी, केळीच्या बागेतली निंदणी, ही त्यांचीच कामं. सालदाराशी बोली होई ती गड्याशी, पण त्याच्या बायकोचे हात त्याच बोलीत गृहीत धरलेले असत. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, सोसायटीची सभासद ती नाही, मग कर्ज, बियाणं, पाणी आणि विक्री या कशाच्याही बैठकीला तिला बोलावण्याचं कारण नाही. शेतावर सर्वांत जास्त दिवस भरणारी बाई शेतीच्या कारभारात कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती.

पुढं नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. तिनं 1939 साली नियोजित अर्थव्यवस्थेतल्या स्त्रीच्या स्थानावर वेगळी उपसमिती नेमली. ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे तिच्या अध्यक्ष होत्या. घरच्या शेतीत आणि धंद्यात बाई जे राबते त्याला किंमत आहे, मिळकतीवर तिचा हक्क आहे, समान कामाला समान दाम हवा, असं बरंच पुढचं या उपसमितीनं लिहून ठेवलं. अहवाल छापून आला 1947 साली. तेव्हा देशाचं लक्ष दुसरीकडं होतं आणि तो कपाटात गेला.

राखीव सहा जागा, आणि एक जळगाव

फैजपूरनंतर दोनच महिन्यांनी प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या 175 जणांच्या विधानसभेत स्त्रियांसाठी सहा जागा राखीव होत्या. राखीव जागा मागायच्या की नाही यावर तेव्हाच्या स्त्री संघटनांत मोठा वाद होता. अखिल भारतीय महिला परिषदेची भूमिका राखीव जागांच्या विरोधात होती. आम्हाला सवलत नको, सर्वांना मतदान द्या, आम्ही आमच्या गुणांवर येऊ, असं म्हणणं. तत्त्व म्हणून ते देखणं होतं. पण स्वातंत्र्यानंतर राखीव जागा गेल्या आणि गुणांवर येणाऱ्या बायका विधानसभेत बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या.

खानदेशातून त्यांतली एक आली. 1962 साली जळगाव मतदारसंघातून प्रतिभाताई पाटील निवडून आल्या, तेव्हा त्या 27 वर्षांच्या होत्या. त्या जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजच्या विद्यार्थिनी. पुढं एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, या मतदारसंघातून 1985पर्यंत त्या सतत निवडून येत राहिल्या. 1967ला उपमंत्री, 1972ला कॅबिनेट मंत्री, 1979ला विधानसभेत विरोधी पक्षनेत्या, आणि 2007 साली देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती. त्यांच्या कारकिर्दीबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण तापीकाठच्या खेड्यांतल्या मतदारांनी बाईला निवडून द्यायला कधी का-कू केली नाही, हे त्यातून सिद्ध झालं. अडत होतं ते तिकीट देणाऱ्या बैठकीत.

चांदवडहून विटनेरला

खरी कलाटणी मिळाली ती दिल्ली-मुंबईच्या मार्गानं नव्हे, तर शेतकरी आंदोलनाच्या. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. खानदेश, नाशिक, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडून बायका आल्या होत्या. कांदा आणि कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या या बायका आता स्वतःच्या प्रश्नावर बोलायला जमल्या होत्या. स्थानिक निवडणुका बायकांनी लढवायच्या आणि जमेल तिथं पूर्ण पॅनेल बायकांचंच उभं करायचं, हा विचार तिथून पुढं आला.

1989च्या सुमारास महाराष्ट्रातल्या काही गावांनी तो प्रत्यक्षात आणला. यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याचं नाव गाजलं. जळगाव जिल्ह्यात विटनेरनं सगळीच्या सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून दिली. पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा देणाऱ्या 73व्या घटनादुरुस्तीच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. वरून राखीव जागांचा कायदा आला म्हणून नव्हे, तर गावानं ठरवलं म्हणून.

पूर्ण पंचायत बायकांची असण्यानं काय बदलतं, हे गावच्या बैठकीची मांडणी आठवली की कळतं. एकट्या राखीव सदस्येची जागा बहुधा दाराशी, सतरंजीच्या काठावर. ग्रामसेवक ठराव वाचतो, पुरुष सदस्य मान डोलावतात, रजिस्टर फिरत तिच्यापर्यंत येतं आणि कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं जातं. पुष्कळदा ती यायचीही गरज पडत नाही. संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन तिच्या घरी जातो. पण नऊच्या नऊ बायकाच असल्या तर रजिस्टर कुणाच्या घरी पाठवणार? बैठक त्यांचीच, कोरम त्यांचाच, आणि ग्रामसेवकाला उत्तरं द्यावी लागतात ती त्यांनाच. लाजणारीला बोलणारीचा आधार होतो. घरी दटावलं गेलं तर शेजारणीकडेही तीच कथा असते, त्यामुळं दटावणीची धार बोथट होते.

विटनेरची दुसरी गोष्ट त्याहून खोल गेली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी याच काळात ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला होता. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करतील, ते लक्ष्मीमुक्त गाव. विटनेरच्या शंभरहून अधिक कुटुंबांनी ते केलं. फैजपूरच्या तेरा कलमांत जे सुचलंच नव्हतं, ते पन्नासेक वर्षांनी त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तलाठ्याच्या दप्तरात नोंदवून दाखवलं. सरपंचपद पाच वर्षांनी जातं, सातबाऱ्यावरचं नाव राहतं. जिच्या नावावर जमीन आहे तिला सोसायटीचं सभासदत्व आणि कर्ज मागता येतं, आणि संचालक मंडळाची निवडणूकही लढवता येते. सहकाराच्या महाराष्ट्रात कारभाराचा दरवाजा सातबाऱ्यातून उघडतो.

या सगळ्या-बायकांच्या पंचायतींवर बिशाखा दत्त यांनी संपादित केलेला एक अभ्यास 1998 साली पुस्तकरूपानं आला. त्याचं नाव ‘अँड हू विल मेक द चपातीज?’ पंचायतीत बसायला निघालेल्या बाईला गावोगाव विचारला गेलेला प्रश्नच त्या नावात आहे, पोळ्या कोण करणार? हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. बैठक सकाळी दहाची असली तर बाईला चारला उठावं लागे. कारभाराची जबाबदारी वाढली, पण चूल, गोठा आणि पाणी यांतलं काही कमी झालं नाही. आजही पदोन्नतीची संधी चालून आलेली बँकेतली कारकून, बदलीचं गाव ऐकून ती नाकारते, तेव्हा तिच्या मनात घोळत असतो तो हाच प्रश्न.

कायदा आला, मग पळवाटा आल्या

महाराष्ट्रानं 1990 साली स्थानिक संस्थांत स्त्रियांना 30 टक्के जागा दिल्या. 24 एप्रिल 1993ला 73वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा, सरपंचपदांसह, राखीव झाल्या. 22 जून 1994ला राज्याचं महिला धोरण आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रानं वडिलोपार्जित हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारा कायदा केला, केंद्राच्या 2005च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षं आधी. 2011ला स्थानिक संस्थांतलं आरक्षण 50 टक्क्यांवर गेलं.

मग पळवाटाही निघाल्या. ‘सरपंचपती’ जन्माला आले, फलकावर नाव तिचं आणि मोबाइल नंबर त्याचा. तिनं स्वतः कारभार पाहायला घेतला की अविश्वासाचा ठराव यायचा. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात त्यावरही तोड काढावी लागली. स्त्रियांसाठी राखीव पदावर स्त्री सरपंच असेल तर अविश्वास ठराव मंजूर व्हायला दोन तृतीयांश नव्हे, तीन चतुर्थांश सदस्यांची अट घातली गेली. कायद्यानं एवढं बारीक गणित मांडावं, यातच या खुर्चीभोवतीचं राजकारण दिसतं.

बायका कारभारात आल्यानं फरक पडतो का, याचं उत्तर अंदाजानं देण्याची आता गरज नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या पंचायतींचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध केला. तिथं कोणती गावं राखीव हे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत असल्यानं तुलना चोख करता आली. जिथं प्रधान स्त्री, तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, कारण पाण्याची तक्रार बायकाच अधिक करीत. 2012च्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या गावांत दोन वेळा सलग पद राखीव राहिलं, तिथं किशोरवयीन मुला-मुलींच्या शिक्षणातली दरी नाहीशी झाली होती. एका खेपेनं हे झालं नाही, दोन लागल्या. आपल्याकडं मात्र आरक्षण फिरतं. बाई पाच वर्षांत कागद वाचायला शिकते, अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला शिकते, आणि नेमकी तेव्हाच जागा खुली होऊन तिच्या हातून जाते.

गावाकडून कंपनीकडं

शहरातल्या कचेऱ्यांनी या अनुभवातून फार काही घेतलं, असं दिसत नाही. नॉर्वेनं 2003 साली कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळात 40 टक्के स्त्रिया सक्तीच्या केल्या, न पाळणाऱ्या कंपनीला टाळं लागेल असा धाक ठेवून. आपल्या 2013च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक असावी असं सांगितलं. मुदत जवळ आली तशी अनेक घराण्यांनी मालकाच्या पत्नीला किंवा मुलीला मंडळावर घेतलं. ग्रामपंचायतीत ज्याला आपण सरपंचपती म्हणून हसतो, त्याचाच हा सुटाबुटातला भाऊ.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही 2013चाच. त्यात एक अट आहे. तक्रार समितीची अध्यक्ष त्या संस्थेतली वरिष्ठ पदावरची स्त्रीच असली पाहिजे. आणि तशी कुणी नसेल तर दुसऱ्या शाखेतून, दुसऱ्या कचेरीतून आणावी, अशी सोयही कायद्यानं करून ठेवली आहे. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की पुष्कळ ठिकाणी वरच्या खुर्चीत बाई सापडणार नाही.

सहकाराचं चित्र वेगळं नाही. 97व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या सहकार कायद्यात संचालकांची कमाल संख्या 21 ठरली आणि त्यात स्त्रियांसाठी दोन जागा. खानदेशात अलीकडं मोठ्या सहकारी संस्थांची अध्यक्षपदंही स्त्रियांकडं आली. जळगाव जिल्हा बँकेच्या अध्यक्ष रोहिणी खडसे झाल्या, जिल्हा दूध संघाच्या अध्यक्ष मंदाकिनी खडसे. 2024च्या लोकसभेत जळगाव जिल्ह्यातल्या दोन्ही मतदारसंघांनी, रावेरनं रक्षा खडसे आणि जळगावनं स्मिता वाघ यांना, म्हणजे स्त्रियांनाच निवडून दिलं. फैजपूर त्याच रावेर मतदारसंघात येतं. यातल्या काही जणी राजकीय घराण्यातून आल्या असा आक्षेप घेतला जातो. तो खरा असला तरी अर्धाच आहे. घराण्यातून आलेल्या पुरुषांना तो कुणी विचारत नाही. खरी अडचण अशी की ज्यांच्या मागं घराणं नाही, अशा बायकांसाठी अजून दुसरी रुळलेली वाट नाही.

फैजपूरपासून विटनेरपर्यंतचा आणि पुढचा हा हिशेब मांडला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाईला मानाची जागा लवकर मिळते, निर्णयाची उशिरा. आणि निर्णयाची जागा तिच्या हाती टिकली ती तिथंच, जिथं ती एकटी नव्हती, जिथं तिच्या नावावर काही होतं आणि जिथं तिला एकाहून अधिक खेपा मिळाल्या. म्हणून संस्थेच्या वार्षिक सभेत संचालक मंडळावर किती बायका आहेत एवढं विचारून थांबू नये. कर्ज समितीत किती आहेत, खरेदी समितीत किती, नोकरभरतीच्या मुलाखतीला टेबलाच्या त्या बाजूला किती, हे विचारावं. सभासदाला तो अधिकार आहे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेण्याचाही आहे.